मागच्या सीटशेजारची जाळी

४ मार्च, मंगळवार

टक्. मग क्षणभर थांबून — टक्-टक्.

चौथीचा वर्ग. कविता म्हणताना मास्तर टेबलावर लाकडी पट्टीने ठेका धरायचे. पहिला ठोका पडला की आम्ही चाळीस पोरं श्वास रोखायचो, पुढचे दोन पडले की एका सुरात सुटायचो. सत्तर वर्षं होत आली, कविता निम्म्या विसरलो, ठेका कानातून जात नाही.

आमची गाडी गेली सोळा वर्षं रोज सकाळी हाच ठेका धरायची. हायब्रिड — पेट्रोल आणि वीज, दोन्हींवर चालणारी. बटण दाबलं की मागच्या सीटमागून टक्, जरा थांबून टक्-टक्, आणि समोर हिरवा दिवा. इंजिनाची घरघर नाही, काही नाही. ही म्हणायची, "उठले तुमचे मास्तर."

आज चार महिन्यांनी खाली गाडीपाशी उतरलो. छोटी बॅटरी पार मेलेली. समोरच्या दंतवैद्यांनी त्यांच्या गाडीवरून वायरी जोडून दिल्या. वर बोलणं ऐकवलं — "काका, हे दुखणं मुळासकट उपटायचं असतं. नवी कवळी बसवा." मी हसलो. बटण दाबलं.

टक्.

नुसतं एक. पुढचे दोन ठोके आलेच नाहीत. समोर धोक्याचा लाल त्रिकोण लागला. मी मात्र त्या चाळीस पोरांसारखा श्वास रोखून बसलो होतो. दंतवैद्यांनी काचेवर टकटक केली तेव्हा भानावर आलो.

५ मार्च, बुधवार

काल लिहायचं टाळलं ते आज लिहितो. टाळून टाळून चार महिने गेले.

सात नोव्हेंबर. लेक आलेली होती. सकाळी हिला श्वास लागला. लेक म्हणाली, अँब्युलन्स बोलावू. मी म्हटलं, ती येईस्तोवर आपण पोचतो, गाडी दारात आहे. हट्ट माझा. उड्डाणपुलाच्या चढावर लाल त्रिकोण लागला आणि गाडी जागच्या जागी बसली. टाकी पेट्रोलने भरलेली, तरी इंजिन सुरू होईना. पस्तीस मिनिटं. मागे भोंग्यांचा गजर. शेवटी एका सामान पोचवणाऱ्या व्हॅनवाल्याने खोकी बाजूला सारून जागा करून दिली.

डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतंत तर—" पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. दुपारी चारला ही गेली.

पुलावर लेक म्हणाली होती, "बाबा, गाडी वेळच्या वेळी दाखवायला काय झालं होतं तुम्हाला?"

माझ्याशी बोललेलं तिचं ते शेवटचं धड वाक्य. त्यानंतर चार दिवस घरात होती, पण नजर खाली. मग गेली. फोन केला की जावई उचलतात. आमचे जावई म्हणजे घुमे. लग्नाला अकरा वर्षं झाली, अकरा वाक्यं ऐकली नसतील. "ती कामात आहे. बरं. सांगतो."

६ मार्च, गुरुवार

जुन्या वह्या काढून बसलो. एकही खाडा नाही. दर सहा महिन्यांनी गाडी दाखवलेली. ऑइल, फिल्टर, टायर, सगळी नोंद. तारखेसकट. एके ठिकाणी तर गाडीवर दोन ओळी रचलेल्या सापडल्या —

*चढावरती खर्च करावे, उताराला जोडावे,*
*असे शहाणे यंत्र असावे, आपण मागे ओढावे.*

पहिल्या ओळीत दोन मात्रा कमी पडतात. हिने तेव्हाच सांगितलं होतं — "कविता लंगडतेय हो तुमची."

मग का थांबली गाडी? मी चुकलो नव्हतो, तर का थांबली?

मला विकायची नाही, फिरवायची नाही. जाणत्या माणसाकडून एक कागद हवाय फक्त. 'मालकाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे' असं लिहिलेला. तो लेकीला पाठवणार. तिच्या मनातून मी उतरलोय. वर चढायला एवढीच एक पायरी दिसते.

११ मार्च, मंगळवार

दंतवैद्यांनी पत्ता दिला. टायरच्या दुकानामागे पत्र्याची शेड. अशा गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारी एक बाई. पन्नाशीची, केस रुमालात बांधलेले, कोपरापर्यंत रबरी मोजे. सगळे तिला बॅटरीवाली म्हणतात, तीही स्वतःला तेच म्हणते.

गाडी ट्रकवर चढवून नेली. मी पुढे ट्रकवाल्याशेजारी. मागे वळून बघवेना. हिला नेताना असाच पुढे बसलो होतो.

"काका, आधी तुमची तक्रार सांगा. गाडीची ती स्वतः सांगेल."

सगळं सांगितलं. पूल, पस्तीस मिनिटं. पुढचं मात्र नाही सांगितलं. तरी ती माझ्याकडे बघत राहिली.

"टाकी भरलेली असताना थांबली कशी?" मी विचारलं.

"या गाडीत इंजिनाला उठवते ती मागची मोठी बॅटरी. तीच झोपली तर पेट्रोलचा समुद्र असून उपयोग काय? उठवणार कोण?"

उद्या उघडणार आहे. मी समोर बसणार म्हटलं. म्हणाली, "बसा. हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. माझ्या नवऱ्याला पण हाच नियम आहे."

१२ मार्च, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो. पुन्हा वाचणार नाही.

स्टुलावर बसलो. तिने मागे जाऊन एक नारिंगी मूठ ओढून काढली आणि सरळ आपल्या खिशात घातली. "ही मूठ बाहेर म्हणजे मोठी बॅटरी तुटली. कुणी चुकून परत बसवली तर मी संपले. म्हणून माझा जीव माझ्याच खिशात." मग घड्याळ बघून म्हणाली, "आता दहा मिनिटं कशाला हात लावायचा नाही. उरलेली वीज उतरू द्यायची."

त्या दहा मिनिटांत मी तिला विचारलं, शाळेत कविता पाठ होत्या का. होत्या म्हणे. एक दोघांनाही येत होती. मी म्हणायला लागलो, तिसऱ्या कडव्याला अडलो, ती पण तिथेच अडली. खूप हसली. चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणाबरोबर तरी हसलो. लिहिताना लाज वाटते.

मग सीट सोडवायला लागली. सीटवर निळं कव्हर होतं. ते निघेना.

हे कव्हर लेकीनं शिवलेलं. हिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचो, येताना ही मागच्या सीटवर आडवी होऊन यायची. कातडी इतकी नाजूक झाली होती की सीटची शिवण टोचली तरी वळ उठायचा. मागच्या वर्षीच्या थंडीत लेक चार दिवस रजा काढून आली. घरातलं निळं लोकरी ब्लँकेट कापलं, आत कापूस भरला. तीनदा मापं घेतली. सुईने बोटं टोचून घेतली, शाळेत शिवणात नापास होणारी पोर! सीटवर, कडेला, पार दारापर्यंत बसवलं आणि म्हणाली, "आई, बघ, एक फट ठेवली नाही. वारा पण शिरणार नाही."

बॅटरीवालीने टाके उसवून कव्हर काढलं. खाली, सीटच्या कडेला, हाताच्या पंजाएवढी जाळी. मला वाटायचं स्पीकर असेल.

"इथून श्वास घेते बॅटरी," ती म्हणाली. "हिच्यामागे पंखा आहे. गाडीतली गार हवा ओढून बॅटरीला पुरवतो."

पंखा काढला. पात्यांत निळ्या लोकरीचा गोळा. चिमणीच्या घरट्याएवढा. बॅटरीत एकाशेजारी एक अठ्ठावीस वड्या. तिने एकेकीला मीटर लावला. मधल्या पाच मेलेल्या, फुगलेल्या. उन्हाळाभर भाजून निघाल्या म्हणे.

जाळीशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली होती. बारीक अक्षरं. तिने चष्मा डोक्यावरून खाली ओढून वाचून दाखवली. "ही जाळी झाकू नये."



"कुणी बसवलं हे एवढं घट्ट?"

"मी," म्हटलं.

तिने कव्हर उलटं करून पाहिलं. "शिवलं पण तुम्हीच?"

"हो."

"मग हा काजाचा टाका घालून दाखवा बरं मला."

मी स्टुलावर बसून रडलो. तिने मोजे काढले, बाहेर गेली, दोन कप चहा घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा माझ्याकडे पाठ करून प्यायली.

१३ मार्च, गुरुवार

ही एकदा म्हणाली होती, "अहो, हल्ली गाडीला धाप लागते. माझ्यासारखी." मागे पंख्याचा आवाज वाढला होता, तो हिच्या कानाशी. मी म्हटलं, वयाप्रमाणे चालायचंच. गॅरेजमध्येही सांगितलं होतं, तेही तेच म्हणाले. कव्हर उचलून कुणी पाहिलं नाही. मी तरी कुठे पाहिलं?

ही सगळं सांगत होती. मी पुढे बसून कविता म्हणत होतो.

१४ मार्च, शुक्रवार

शेडवर गेलो. म्हटलं, कागद द्या.

"देते. 'हवेची जाळी कव्हरने बंद, त्यामुळे बॅटरी तापून निकामी. बाकी देखभाल उत्तम.' बरोबर?"

हाच तर कागद हवा होता मला. 'देखभाल उत्तम.' आठ दिवसांपूर्वी मिळाला असता तर छातीशी धरला असता.

"कव्हरचं लिहू नका," म्हटलं. "जुनी झाली होती, मालकाने दुर्लक्ष केलं, एवढं लिहा."

"कागदावर खोटं लिहीत नाही मी."

"माझी लेक आहे हो. तिला कळलं तर ती—"

"मला मुलगी आहे, काका. कळतं. तोंडाने मी कुणाला काही सांगणार नाही. पण माझ्या सहीखाली खोटं नाही."

"मग?"

"मग कागदच नाही. तुम्ही गाडी घेऊन आलात, मी दुरुस्त करून दिली, संपलं."

एका ठोकलेल्या गाडीतल्या चांगल्या वड्या आहेत तिच्याकडे, त्या बसवून देणार आहे. मी नको म्हटलं, आता गाडीचं करायचं काय? तर म्हणाली, "उघडी टाकून मी कुठलीच गाडी देत नाही. तुमची असली तरी."

१६ मार्च, रविवार

रविवार. पूर्वी लेकीचा फोन अकरा वाजता यायचा. अकराला फोनशेजारी बसलो. बाराला उठलो.

१७ मार्च, सोमवार

गाडी मिळाली. टक्. टक्-टक्. हिरवा दिवा. पडद्यावर बाण — बॅटरीकडून चाकांकडे, उतारावर चाकांकडून बॅटरीकडे. जसंच्या तसं सगळं.

बॅटरीवाली आधी एक चक्कर मारून आली होती. मी बसलो आणि आरशात पाहिलं. मागची काच दिसली, रस्ता दिसला. नीट, सरळ.

दोन वर्षं हा आरसा खाली झुकवलेला होता. मागच्या सीटवर आडवी झालेली ही दिसावी म्हणून. डोळे मिटलेत की उघडे, एवढं कळलं की पुरे. मागच्या गाड्या बाजूच्या आरशांत बघायचो. चार महिने गाडी बंद उभी होती तेव्हाही तो तसाच झुकलेला होता.

बॅटरीवालीचं काय चुकलं? गाडी चालवायची तर आरसा सरळच करणार माणूस.

घरी येऊन वाहनतळात अर्धा तास तो आरसा हलवत बसलो. थोडा खाली, थोडा डावीकडे. तो कोन काही सापडला नाही. नुसती सीट दिसते. तेव्हाही सीटच दिसत असणार, वर ही होती एवढंच.

१८ मार्च, मंगळवार

पाय धरून आलेत. दिवसभर पडून.

१९ मार्च, बुधवार

विचार केला. लेक आज ना उद्या चौकशी करेल. हुशार आहे, पुस्तकं वाचेल, कुणाला विचारेल. तिच्या हाती धागा लागण्याआधी मीच गाठ मारून टाकावी.

बाप मनातून उतरला तरी पोरगी जगते. आईला आपण— हे वाक्य पुरं करत नाही. डॉक्टरांनीही केलं नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

पत्र लिहिलं. पाच मसुदे फाडले. आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढले, एक रेघ खोटी मारली नाही. म्हातारपणी ही कारागिरी.

शेवटी असं झालं — "तू पुलावर म्हणालीस ते खरं होतं. गेली दोन वर्षं मी गाडी कुठे दाखवलीच नाही. आज नेऊ, उद्या नेऊ, असं करत राहिलो. परवा उघडून बघितली तेव्हा मेकॅनिकनेही हेच सांगितलं. दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही, कशाचाही नाही. रागावलीस ते योग्यच आहे. पण आईची आठवण काढताना माझ्यावरचा राग मध्ये येऊ देऊ नकोस. तब्येतीला जप."

'कशाचाही नाही' हे दोन शब्द खोडावेत असं वाटत होतं. ठेवले.

पोस्टात टाकलं. पेटीत हात अडकावा तसा अडकून राहिला थोडा वेळ.

२२ मार्च, शनिवार

मागच्या दोन वर्षांच्या वह्या पेटीत घालून माळ्यावर टाकल्या. लेक कधी आलीच आणि उघडल्याच, तर त्यात सगळ्या सर्व्हिसिंगच्या तारखा आहेत. खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

दंतवैद्य शिडी धरून उभे होते. "काका, खजिना लपवताय का?"

"हो," म्हटलं.

२५ मार्च, मंगळवार

गाडी आठवड्यातून दोनदा चालवा, नाहीतर बॅटरी पुन्हा बसेल — बॅटरीवालीची ताकीद. मंगळवार आणि शुक्रवार ठरवले. हिच्या डायलिसिसचे वार. दुसरे कुठले वार या गाडीला सुचतच नसावेत.

दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. रखवालदाराने ओळखलं, सवयीने कडी उघडली, मग माझ्यामागची रिकामी सीट पाहिली आणि कडी हळूच परत लावली. सलाम केला. मी वळवून घेतली.

पुलावर चढताना हात घट्ट झाले. गाडी सुरकन चढून गेली, जणू काही झालंच नव्हतं. रागच आला तिचा.

२६ मार्च, बुधवार

पत्र पोचलं असेल.

२८ मार्च, शुक्रवार

फोन केला. जावई. "हो. आलं पत्र." मग नुसतं "ठेवतो," म्हणाले.

तर हे असं. ओझं पोचतं झालं. आता तिला कुणाला तरी दोष देता येईल आणि तो तिचा स्वतःचा नसेल. यासाठीच लिहिलं होतं. मग छातीत हे काय दुखतंय? आपल्याला वाटतं आपण सगळं देऊन टाकलं. मनात कुठेतरी आशा होतीच की ती म्हणेल, "जाऊ दे, बाबा."

फिरवायला नेली नाही आज गाडी.

२९ मार्च, शनिवार

काही नाही.

३० मार्च, रविवार

सकाळी सव्वादहाला दार वाजलं. उघडलं तर जावई. एकटे. दाढी वाढलेली, हातात गाडीची किल्ली. सहा तासांचा रस्ता. म्हणजे पहाटेच निघाले असणार.

उंबऱ्यातच उभं राहून बोलायला लागले. थांबेचनात. पाणी देतो म्हटलं तर म्हणाले, "आधी ऐकून घ्या, बाबा, नाहीतर मला परत जमायचं नाही. तुमचं पत्र तिनं वाचलं आणि म्हणाली, बाबा खोटं लिहितायत. तिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. त्या संध्याकाळी गाडी ओढून आणली ना, तेव्हा आईंचा चष्मा शोधायला ती खाली आली होती. कडेचे दोन टाके सोडून कव्हर वर केलं आणि जाळीशेजारची चिठ्ठी वाचली. तुमच्यावर राग नव्हताच कधी. तुमच्यासमोर यायचं कोणत्या तोंडाने, हेच धरून बसलीय चार महिने. मला पण सांगितलं ते परवा, पत्र आल्यावर."

विचारलं, कुठे आहे ती.

"खाली. आमच्या गाडीत. तासभर झाला येऊन. उतरत नाहीये. मला म्हणाली, आधी तुम्ही जा आणि बाबा काय म्हणतात बघा."

जावयांना आत बसवलंय. दोन ओळी लिहिण्यापुरता टेबलाशी आलो, मग जिना उतरायचाय. काय म्हणायचं तिला ते ठरत नाही. ठरवत बसत नाही.

चप्पल सापडत नाही. तसाच जातो.